खोकं नवं, साचा जुना: मग तसं खोक्यावर लिहा

'ट्रान्सफॉर्मर्स' या रोबो खेळण्यांच्या रिइश्यूवरून, म्हणजे जुनं खेळणं कंपनीने पुन्हा बाजारात आणण्यावरून, वाद पेटला की मला गप्प बसवत नाही. कुणीतरी नव्या खोक्यातल्या ऑप्टिमस प्राइमचा, त्या ट्रकचा रोबो होणाऱ्या नायकाचा, फोटो टाकतो आणि खाली लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, हे खरं नव्हे, खरं ते 1984 चं. दुसरा म्हणतो, मला खेळणं हवंय, पुराणवस्तू नको. मी मनापासून रिइश्यूच्या बाजूचा माणूस आहे. पण माझी एक अट आहे. ती कंपन्या पाळत नाहीत आणि आपण कलेक्टरही त्यांच्याकडे ती मागत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आधी त्या 'खऱ्या 1984' बद्दल. टाकारा या जपानी कंपनीने 1980 मध्ये 'डायक्लोन' नावाची खेळणी काढली. पुढे त्यात रोबो होणाऱ्या गाड्या आल्या. त्या गाड्यांत बसायला इंचभर उंचीचा, पायांत चुंबक असलेला चालक असे. टाकाराचीच 'मायक्रो चेंज' नावाची दुसरी मालिका होती. तिच्यात घरातल्या वस्तूंचे रोबो होते: कॅसेट प्लेयर, पिस्तूल, छोट्या गाड्या. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने ही खेळणी पाहिली, हक्क घेतले, दोन्ही मालिका एकत्र केल्या आणि 1984 मध्ये त्यांना 'ट्रान्सफॉर्मर्स' म्हणून बाजारात आणलं. डायक्लोनचा 'बॅटल कॉन्व्हॉय' ट्रक ऑप्टिमस प्राइम झाला. मायक्रो चेंजचं वॉल्थर पी38 पिस्तूल मेगाट्रॉन झालं आणि कॅसेट प्लेयर साउंडवेव्ह. जेटफायर तर टाकाराचाही नव्हता. तो टाकातोकू या तिसऱ्याच कंपनीचं, 'मॅक्रॉस' या जपानी कार्टून मालिकेतलं विमान. त्याच्या हक्कांच्या गुंत्यामुळे कार्टूनमध्ये त्याचं रूपही बदललं आणि नावही.

म्हणजे ज्याला आपण 'मूळ' म्हणून देव्हाऱ्यात बसवतो, ते स्वतःच नव्या खोक्यात घातलेलं जुनं खेळणं होतं. साचे तेच. बदललं होतं नाव, रंगसंगती, स्टिकर आणि खोकं. पण त्या खोक्याने काय करून ठेवलं ते बघा. मार्व्हल या कॉमिक्स कंपनीच्या बॉब बुडियान्स्कीने बहुतेक पात्रांना नावं दिली आणि त्यांच्या स्वभावाच्या नोंदी लिहिल्या. खोक्याच्या पाठीवर ती नोंद आणि शेजारी ताकद, बुद्धी, वेग, चिवटपणा, हुद्दा, धैर्य, मारा, कौशल्य असे आठ आलेख. ते नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नसत. सोबतची लाल पारदर्शक पट्टी वर धरली की उमटत. चालकाची गरजच उरली नाही, कारण आता रोबो स्वतः जिवंत झाला होता. जुन्या गाड्यांचं दार उघडून आत बघा, त्या चालकाची रिकामी सीट अजून आहे. गंमत म्हणजे 1985 मध्ये टाकाराने हीच खेळणी ट्रान्सफॉर्मर्सच्या नावाने आणि नव्या खोक्यात पुन्हा जपानमध्ये विकायला आणली. माल आपल्याच घरी परतला, पण वेगळी ओळख घेऊन.

म्हणून "त्यात काय, नुसतं खोकं तर बदललंय" असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. या छंदात खोकं हा खेळण्याचा अर्धा भाग आहे. आणि त्याच कारणासाठी खोक्याने खरं बोललं पाहिजे.

आता आपल्या बडोद्याचं सांगतो. माझ्या पिढीच्या मुलांना ही खेळणी दुकानातून मिळाली नाहीत, ती परदेशातून येणाऱ्यांच्या बॅगांतून आली. गल्लीत एखादं तरी घर असं असायचं ज्यांचे नातलग न्यू जर्सीला किंवा लंडनला होते. उन्हाळ्यात ते आले की आमच्यासारख्या शेजारच्या मुलांनाही काहीतरी मिळायचं. पण बॅगेत जागा कमी आणि वजनाला मर्यादा, त्यामुळे खोकी तिकडेच फेकून खेळणी कपड्यांत गुंडाळून आणायचे. खोकं नाही, सूचनापत्रक नाही, लाल पट्टी नाही. हा कोण, कुणाच्या बाजूचा, याला राग कशाचा येतो, काही माहीत नसायचं. हात कुठून वळतो, डोकं कुठून निघतं, हे आम्ही दांडिया बाजारच्या घराच्या ओट्यावर बसून हातानेच शोधून काढलं. नावंही आम्हीच ठेवली. मंगळ बाजारात पुढे स्वस्तातल्या नकला मिळू लागल्या, त्यांच्या खोक्यांवर भलत्याच रोबोचं चित्र असायचं.

मोठेपणी कमावता झाल्यावर टाकाराच्या रिइश्यूचं खोकं हातात आलं, तेव्हा ती पाठ मी पहिल्यांदा वाचली. आमच्या ओट्यावरच्या रोबोला त्या दिवशी त्याचं खरं नाव मिळालं. हे रिइश्यूमुळेच होऊ शकलं. सीलबंद जुन्या खोक्याची किंमत मध्यमवर्गीय माणसाने विचारूही नये अशी असते, आणि ती मोजलीच तर उघडायची हिंमत होत नाही. रिइश्यू आल्याने जुन्याची शान जाते असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की आपल्याकडे बहुतेकांनी जुनं कधी पाहिलेलंच नव्हतं.

शिवाय जुनं प्लास्टिक टिकत नाही. पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं, जेटफायरची तर ती ओळखच झालीय. 1980 च्या दशकाअखेरच्या काही खेळण्यांतलं सोनेरी झाक असलेलं प्लास्टिक नुसतं वळवलं तरी तुकडे होऊन हातात येतं, कलेक्टर त्याला 'गोल्ड प्लास्टिक सिंड्रोम' म्हणतात. त्यात आपला मे महिना. बंद कपाटातसुद्धा स्टिकरचा डिंक सुटतो. माझ्या भाच्याला मी जुना ट्रक खेळायला देणार नाही, रिइश्यू बिनधास्त देतो. खेळणं खेळलं गेलं पाहिजे, हे माझं ठाम मत आहे.

मग अट कसली? रिइश्यू हुबेहूब तेच नसतं, आणि खोकं ते सांगत नाही.

2002 मध्ये अमेरिकेत टॉइज आर अस दुकानांसाठी ऑप्टिमस प्राइम पुन्हा काढला, तेव्हा त्याच्या खांद्यावरच्या धुराच्या नळ्या आखूड केल्या होत्या. मुलांना टोचू नयेत म्हणून. त्या मालिकेत मिसाइलही लांब केले होते. 1970 च्या दशकाअखेर अमेरिकेत खेळण्यातलं छोटं मिसाइल घशात अडकून एका मुलाचा जीव गेला होता, त्यानंतर तिथले उत्पादक सुटणाऱ्या भागांबाबत फार जपून वागू लागले. मेगाट्रॉनची अडचण आणखी वेगळी. तो हुबेहूब पिस्तूल दिसतो, आणि 1988 च्या अमेरिकी कायद्याने अशा खेळण्याच्या नळीला भडक नारिंगी टोक लागतं. हे बदल योग्यच आहेत, मुलाच्या जिवापेक्षा नळीची लांबी मोठी नाही. पण "नळ्या आखूड केल्या आहेत, कारण सुरक्षितता" एवढं एक वाक्य खोक्यावर छापायला काय हरकत आहे? ग्राहक रागावणार नाही, उलट त्याचा विश्वास वाढेल.

सगळ्यात मोठा घोळ वर्षाचा. खेळण्याच्या पायाखाली किंवा पाठीवर कोरलेलं वर्ष हे हक्काचं, म्हणजे कॉपीराइटचं वर्ष असतं, बनवल्याचं नव्हे. साचा जुना असला तर ती अक्षरंही साच्याबरोबर येऊ शकतात. मांजलपूरच्या एका तरुण मित्राने पहिल्या पगारातून असंच एक 'विंटेज' घेतलं. विकणाऱ्याने कोरलेल्या वर्षाचा फोटो टाकला होता आणि सांगितलं होतं, "भाई, ओरिजिनल छे, लखेलुंज छे ने." लिहिलेलं होतं हे खरंच. पण स्टिकरची छपाई आणि मिसाइलची लांबी दोन्ही रिइश्यूची होती. पोराने मोजलेल्या पैशांत तसे तीन नवे रिइश्यू आले असते. विकणाऱ्याने लबाडी केली, पण त्याला ती इतकी सोपी झाली ती खेळण्यावर आणि खोक्यावर बनवल्याचं वर्ष ठळक नसल्यामुळे.

पुस्तकांच्या जगात हा प्रश्न कधीच सुटलाय. मांडवीजवळच्या आपल्या सेंट्रल लायब्ररीत जा, सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये सुरू केलेल्या. कुठलंही जुनं मराठी पुस्तक काढा आणि आतलं पान उघडा: पहिली आवृत्ती अमुक साल, दुसरी आवृत्ती तमुक, पुनर्मुद्रण ढमुक. मुखपृष्ठ दरवेळी नवं असेल, किंमत वाढली असेल, पण आत हिशेब लिहिलेला असतो. नव्या आवृत्तीत सुधारणा केली असेल तर प्रस्तावनेत तसं सांगतात. त्याने पहिल्या आवृत्तीचा मान कमी होत नाही आणि पाचवी घेणाऱ्याला फसल्यासारखं वाटत नाही. खेळण्याच्या खोक्यावर मला एवढंच हवंय: साचा कुठल्या वर्षाचा, ही खेप कुठल्या वर्षाची, मधल्या काळात काय बदललं.

आणि प्रामाणिक पुनर्निर्मितीला मान मिळतो, याचा दाखला आपल्याच देशात आहे. फनस्कूल ही कंपनी 1987 मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून सुरू झाली. तिने हॅस्ब्रोच्या साच्यांतून जीआय जो हे छोटे सैनिक भारतात बनवले. रंग वेगळे, कधी कधी तर अगदी अनपेक्षित, आणि पुठ्ठ्यावर स्पष्ट फनस्कूलचं नाव. लहानपणी ते आपल्याला 'इथलेच' म्हणून कमी वाटायचे. आज परदेशातले कलेक्टर तेच शोधत असतात. साचा दुसऱ्याचा आहे हे कुणी लपवलं नाही, आणि आपलेपणही लपवलं नाही, म्हणून त्यांना स्वतःची जागा मिळाली.

याउलट अलीकडे जे चाललंय ते मला खरोखर खटकतं. टाकारा टोमीची (टाकाराचंच पुढचं नाव) 2007 ची 'एन्कोर' मालिका किंवा 2018 पासून वॉलमार्टसाठी काढलेले जुन्या धाटणीच्या खोक्यांतले रिइश्यू, यांबद्दल माझी तक्रार नाही. तीसेक वर्षांपूर्वीची वस्तू पुन्हा मिळतेय, चांगलंच आहे. 2024 ची 'मिसिंग लिंक', म्हणजे हरवलेला दुवा, ही मालिकाही चांगली: रूप जुनं, सांधे आजचे, आणि नावातच तसं कबूल केलेलं. पण दोन-तीन वर्षांपूर्वीचंच खेळणं नव्या रंगाच्या खोक्यात घालून नवी मालिका म्हणून आणणं वेगळं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट दुकानांसाठी पिवळ्या-काळ्या खोक्यांची 'बझवर्दी बम्बलबी' मालिका निघाली. तिच्यात आधीच येऊन गेलेली खेळणीही होती. सराईत कलेक्टर ओळखतो. पण पोराच्या वाढदिवसासाठी घेणाऱ्या बापाने कसं ओळखायचं की हे घरात आधीच आहे?

आपल्याकडे तर चूक महागात पडते. खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 झालं आणि 2023 मध्ये 70. 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय खूणही सक्तीची झाली. देशी उद्योगासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी हे नियम आहेत, त्यामागचा हेतू मला मान्य आहे. पण इतके पैसे मोजून घेणाऱ्याला आत नेमकं काय आहे हे कळण्याचा हक्क अधिकच आहे.

आता ज्या गोष्टीवर माझं आणि अनेक मित्रांचं वाजतं ती सांगतो. आयात केलेल्या खोक्यावर एक पांढरा स्टिकर असतो. आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना आणि वर्ष, एमआरपी. 2011 च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांमुळे तो लावावाच लागतो. आपले कलेक्टर काय करतात? घरी आणल्याबरोबर ड्रायरची गरम हवा मारून तो स्टिकर काढतात, कारण चित्राच्या कोपऱ्यावर येतो आणि खोकं 'परदेशी' दिसत नाही. अख्ख्या खोक्यावर वर्षाबद्दल धडधडीत खरं सांगणारा तो एकच कागद आहे! कंपनीने जे छापायला हवं होतं ते आपल्या वजनमाप खात्याच्या नियमाने छापून घेतलंय, आणि आपण ते खरवडून टाकतो. मग दहा वर्षांनी तेच खोकं तिसऱ्या माणसाच्या हातात जातं आणि 'विंटेज' होतं.

तेव्हा बडोद्यातल्या मंडळींना विनंती: स्टिकर ठेवा. काढायचाच असेल तर खोक्याच्या आतल्या झाकणाला चिकटवा. विकायला फोटो टाकताना कोरलेल्या वर्षाबरोबर स्टिकरचा, मिसाइलचा आणि ट्रक असेल तर धुराच्या नळ्यांचाही टाका. रिइश्यू असेल तर पहिल्याच ओळीत रिइश्यू लिहा. किंमत किती येईल म्हणून मला विचारणाऱ्यांना इथून पुढे मी हे फोटो पाहिल्याशिवाय उत्तर देणार नाही, मग तो कितीही जवळचा मित्र असो.