पायपाला आलेली निळाई

मोटारसायकल कितीही धुवा, तिचा एक अवयव धुतल्यासारखा दिसतच नाही. इंजिनाच्या तोंडातून निघून, कोपऱ्यात वळून मागे सायलेन्सरला जाऊन मिळणारी ती नळी. गॅरेजच्या भाषेत बेंड पाइप. शोरूममध्ये तिच्यात स्वतःचा चेहरा बघत आपण कर्जाच्या कागदांवर सह्या करतो. मग एखादा घाट चढतो. पुण्यात तर घाटाचीही गरज नाही, संध्याकाळचा चांदणी चौक पुरतो. नळी रंग बदलायला लागते. सायलेन्सरच्या बाजूला फिकट पिवळी, मग तपकिरी, मग जांभळी आणि इंजिनाला अगदी खेटून मोरपिशी निळी.

माझ्या साडेतीनशे सीसीच्या गाडीवर हे सगळे रंग दाटीवाटीने नांदत होते आणि नवरात्र तोंडावर आलं होतं. खंडेनवमीला गाडीला हार घालायचा, तर पाइप असा? हा प्रश्न मला पडला नव्हता. सोसायटीला पडला होता.

पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी ही सार्वजनिक मालमत्ता असते. दुसऱ्या मजल्यावरचे काका, ज्यांचं आयुष्य एसटीच्या डेपोत गेलं, ते खाली वाकून पाइपाकडे बघत म्हणाले, "कावीळ झालीय हिला." मग हात मागे बांधून निदान केलं, "ऑइल खाते." ऑइल खाणारी गाडी मागून निळा धूर सोडते, पाइप बाहेरून निळा होण्याशी त्याचा काही संबंध नाही, हे मी सांगून बघितलं. काका म्हणाले, "तेच ते. निळं ते निळं."

गॅरेजवाल्याचं निदान वेगळं होतं. "लीन चालतेय." म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी, म्हणून जास्त तापते. त्याने कार्ब्युरेटर शोधण्यासाठी टाकीखाली हात घातला. गाडीत फ्युएल इंजेक्शन आहे हे लक्षात आल्यावर तो हात तसाच बाहेर काढून फडक्याला पुसला आणि म्हणाला, "मग कंपनीकडूनच तशी आहे."

खरी हकीकत अशी की हा मळ नाही आणि रोगही नाही. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतं. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची गाठ पडली की वर डोळ्याला न दिसणारा पापुद्रा तयार होतो आणि तोच गंजाला अडवतो. धातू तापला की पापुद्रा जाड होतो. जाड म्हणजे किती, तर केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास. पण तेवढ्यात प्रकाशाच्या लाटा एकमेकींत मिसळायला लागतात आणि रंग दिसतो. पावसात रस्त्यावर पेट्रोल सांडल्यावर दिसतात ना, त्याच कारणाने. आपल्या घरच्या भांड्यांचं 304 जातीचं पोलाद 290 अंशांच्या सुमारास फिकट पिवळं होतं, 390 ला तपकिरी, 450 ला जांभळं आणि 540 ला निळं. माझ्या पाइपाचं थोडं इकडेतिकडे. थोडक्यात, ती नळी म्हणजे एक तापमापक आहे आणि तो मी घासून पुसून टाकावा अशी लोकांची इच्छा होती.

"मग माझ्या जुन्या गाडीचा पाइप कसा कधी निळा झाला नाही?" काकांचा बिनतोड प्रश्न. कारण बऱ्याच गाड्यांना पाइपावर दुसरा पाइप घातलेला असतो. आतला भाजतो, बाहेरचा मजेत राहतो. हे ऐकून काका घरी गेले आणि फ्रिजवरचं गणपतीचं लोहचुंबक घेऊन आले. लावलं. खट्‌कन चिकटलं. पार्किंगमध्ये शांतता पसरली. "चुंबक चिकटतं म्हणजे स्टीलच नाही. फसवलं तुम्हाला." भांड्यांच्या दुकानात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही परीक्षा आहे, पण ती निकेल घातलेल्या 304 साठी ठीक. गाड्यांच्या एग्झॉस्टला सर्रास वापरतात ते 409 जातीचं पोलाद. त्यात क्रोमियम साधारण अकरा टक्के, निकेल जवळजवळ नाहीच आणि चुंबक त्याला प्रेमाने चिकटतं. तरीही ते स्टेनलेसच. मी हे समजावेपर्यंत माझी गाडी डुप्लिकेट असल्याची बातमी सी विंगपर्यंत गेली होती.

(या पोलादाची गोष्टही नळीपासूनच सुरू होते. 1913 साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून मिश्रणं करून बघत होता. त्यातून निघालेल्या न गंजणाऱ्या पोलादाच्या आधी सुऱ्या झाल्या, मग आपल्या आयांच्या हळदीकुंकवाच्या वाट्या झाल्या आणि फिरून फिरून ते माझ्या गाडीच्या नळीत आलं. चांदणी चौकात ती बंदुकीच्या नळीइतकीच गरम होत असावी.)

यानंतर उपायांची वर्षा झाली. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, कोला आणि अॅल्युमिनियमची फॉइल. तळमजल्यावरच्या आजींनी राख आणि नारळाची शेंडी सुचवली. राख कुठली, विचारल्यावर त्या हिरमुसल्या. त्यांच्याकडेही आता इंडक्शन आहे. लिंबू एकटं ठीक आहे, त्यातलं सायट्रिक आम्ल तर स्टीलच्या कारखान्यांतही वापरतात. पण आपल्याकडे लिंबाला मिठाशिवाय पाठवायची पद्धत नाही, आणि मिठातलं क्लोराइड हे स्टेनलेसचं जुनं वैरी. बारीक बारीक खड्डे पाडतं. संडास धुवायचं अॅसिड सुचवणारे गृहस्थ तर थेट हायड्रोक्लोरिकवर गेले होते. त्याने निळाई जाते हे खरं. मागोमाग गंज येतो, एवढंच.

माझा एक मित्र भोसरीला डेअरीच्या टाक्या बनवतो. वेल्डिंगच्या कडेला त्याला हेच इंद्रधनुष्य रोज भेटतं आणि तिथे ते काढावंच लागतं, कारण रंगाखालच्या थरातलं क्रोमियम कमी झालेलं असतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. त्यासाठी त्याच्याकडे एक लेप असतो. मी डबीभर मागितला. तो म्हणाला, "त्यात नायट्रिक आणि हायड्रोफ्लुओरिक आहे. कातडीतून हाडापर्यंत जातं. दूध भरणार आहेस का पाइपात?" नव्हतो भरणार. विषय संपला.

मग उरला तो सनातन मार्ग, घासणे. त्याआधी पावसाळ्याचा हिशेब चुकता करायचा होता. रेनकोटची पँट जुलैमध्ये पाइपाला टेकली होती आणि तिचा एक काळा नकाशा तिथे कायमचा छापला गेला होता. याला पाइप जरा कोमट करावा लागतो, म्हणजे प्लास्टिक मऊ पडतं, आणि लाकडाने खरवडायचं. लोखंडी सुरीने ओरखडे पडतात. घरात लाकडाची योग्य आकाराची एकच वस्तू होती. ती कशासाठी हवी हे मी बायकोला सांगितलं नाही, आणि तिने पिठल्यासाठी कालथा शोधायला घेतला तेव्हा मी पार्किंगमध्ये होतो.

पुढचं काम दिसायला सोपं आहे. पाइप थंड करायचा, साबणाने तेलकटपणा काढायचा, धातूचं पॉलिश लावायचं, जुन्या सुती साडीची पट्टी पाइपाभोवती गुंडाळायची, दोन्ही टोकं दोन हातांत धरून एकदा हे ओढायचं, एकदा ते. ताक घुसळतात तसं. पिवळा रंग लगेच शरण येतो. तपकिरी कुरकुरत जातो. जांभळ्याला विनवण्या कराव्या लागतात. निळा तसाच बसून राहतो. खांदे भरून येतात. कालथ्याच्या शोधात खाली आलेली बायको जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "लोणी आलं का?"

पॉलिशच्या कापडाची एक गंमत आहे. ते काळं होतं. खरं तर स्वच्छ नव्याकोऱ्या स्टीलवर घासलंत तरी काळंच होतं, कारण तो काळेपणा म्हणजे पॉलिशने खरवडलेला धातूच. पण बघ्यांना हे कोण सांगणार! "बघा, बघा किती घाण होती!" काका जाणाऱ्या-येणाऱ्याला कापड दाखवत होते. ते आता माझ्या बाजूने झाले होते. एवढंच नव्हे, पॉलिशची ट्यूब कुठली, किती लावायचं, कापड कोणत्या बाजूने ओढायचं, हे सगळं त्यांनी बारकाईने विचारून घेतलं. निवृत्त माणसाची जिज्ञासा, असं मला वाटलं.

त्याच वेळी त्यांचा नातू आपल्या गाडीतून उतरला. वय वीसबावीस, गाडी आजोबांच्या नावावर, हप्ता वडिलांचा. माझी अवस्था बघून त्याला खरोखर वाईट वाटलं. "काका, काय करताय! तो बर्न्ट ब्लू आहे. लोक पैसे देतात याला." त्याने मला त्याच्या गाडीच्या मागे नेऊन दाखवलं. एग्झॉस्टच्या टोकावर नाना पेठेतून आणलेलं जाडजूड नळकांडं बसवलेलं होतं, कडेला झकास निळं, मग जांभळं, मग सोनेरी. गाडीच्या अगदी मागच्या टोकाला एवढं तापमान पोचतच नाही, म्हणून तिथे रंग विकत घ्यावा लागतो. आधीच भाजून आलेला. पाइप माझाही निळा, त्याचाही निळा. फरक एवढाच की त्याच्याकडे पावती होती.

निळा शेवटी बारीक पॉलिश पेपरला बधला. आधी आठशे नंबर, मग बाराशे, मग दोन हजार, पाणी लावून, आणि परत पॉलिश. अष्टमीच्या संध्याकाळी पाइप असा झाला की त्यात ट्यूबलाइटवरच्या पाली मोजता याव्यात. आता एकच पथ्य असतं. स्पिरिटने पुसून घ्यायचं आणि इंजिन चालू करेपर्यंत हात लावायचा नाही. बोटांचं तेल राहिलं तर ते उष्णतेने भाजून कायमचं बसतं. मी स्पिरिटची बाटली ठेवायला वर गेलो. तेवढ्यात वॉचमनने येऊन कौतुकाने पाइपावरून अख्खा पंजा फिरवला.

सकाळी गाडी गरम केल्यावर पंजा उमटला, पाचही बोटांसकट. त्या माणसाची एक कायमची तक्रार आहे. आयुष्यभर विटा उचलून रेषा झिजल्या, रेशन दुकानाच्या मशीनवर अंगठा उमटत नाही. माझ्या पाइपावर त्याची एकेक रेषा मोजता येत होती. तो बिचारा मोबाइलमध्ये फोटो काढून घेत होता, रेशनवाल्याला दाखवायला.

मी हार बांधत होतो आणि मागून कापड ओढल्याचा ओळखीचा आवाज येत होता. वळून बघितलं. काका नातवाच्या गाडीमागे पाट टाकून बसले होते. शेजारी तीच ट्यूब, हातात काकूंच्या जुन्या नऊवारीची पट्टी, कपाळावर घाम, चेहऱ्यावर दसऱ्याचा आनंद. नातवाला सणाची भेट. नळकांडं एका बाजूने लख्ख पांढरं झालं होतं, दुसऱ्या बाजूला बोटभर जांभळं शिल्लक होतं.

"तुम्हाला उगाच एवढा वेळ लागला," काका मला म्हणाले. "आमचं बघा, भराभरा निघतंय."