परवाना दारूचा असतो, स्पीकरचा नसतो

काका, नमस्कार. तुम्ही नाव लिहिलं नाहीत, पण ‘नातीची झोप मोडते’ असं लिहिलंत, म्हणून काकाच म्हणते.

तुमच्या रागाला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून जरा ऐसपैस लिहिते. ज्यांनी ही प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की आपल्या इंदूरच्या विजयनगर भागातल्या रेस्टॉरंट-बारच्या गोंगाटावर ‘सगळं अकराला बंद करा’ हा उपाय पुरणार नाही, त्याऐवजी परवान्यातच नेमक्या अटी घालून घ्याव्यात. त्यावर काकांचं म्हणणं असं: मी बारवाल्यांची वकिली करते. अटी-बिटी सगळ्या कागदावर राहतात. सराफा, म्हणजे सोनारांच्या बाजारात भरणारा खाऊबाजार, रात्री चालतो म्हणून बारही चालावा, हा युक्तिवाद हास्यास्पद आहे, कारण सराफ्यात लोक भुट्ट्याचा कीस खातात, झिंगत नाहीत. आणि लोकमान्य नगरात बसून विजयनगरच्या रात्रीबद्दल लिहिणं सोपं असतं.

शेवटचं आधी. खरं आहे, माझ्या खिडकीखाली बार नाही, रेल्वे आहे. गाडी जाते, झोप चाळवते, पुन्हा लागते. तुमच्याकडे जे चालतं ते रात्रभर एका ठेक्यात चालतं, आणि त्या दोन त्रासांची बरोबरी मी केली नव्हती, करणारही नाही.

आता सराफा. मी त्याचा दाखला दारूसाठी दिला नव्हता. संध्याकाळी सोनारांची दुकानं बंद होतात, त्यांच्याच ओटल्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात, रात्री एक-दोनपर्यंत गर्दी असते, आणि तरीही तिथे कुणाची छाती धडधडत नाही, कारण तिथे स्पीकर नाहीत. माणसांचा आवाज आहे, कढईचा आहे, पण विजेवर वाढवलेला नाही. सराफ्याचंही सगळं आलबेल आहे असं नाही, गॅसच्या टाक्यांची भीती सोनारांनीच बोलून दाखवली आहे. मला एवढंच म्हणायचं होतं की ‘रात्री उघडं’ आणि ‘रात्री कर्कश’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या शहरात दोन्हींना एकाच काठीने हाकलं जातं.

हाकलल्याचं उदाहरण ताजं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये निरंजनपूर ते राजीव गांधी चौक या बीआरटीएसच्या, म्हणजे जलद बसमार्गाच्या, सुमारे साडेअकरा किलोमीटरच्या पट्ट्यात दुकानं आणि खाण्याची ठिकाणं चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी मिळाली. दारूची दुकानं आणि बार त्यात नव्हते. तरीही रात्री रस्त्यावर नशेतल्या मारामाऱ्या झाल्या, त्यांचे व्हिडिओ फिरले, नेतेमंडळी बोलू लागली आणि जुलै २०२४ मध्ये सगळंच बंद झालं. रात्रपाळीहून येऊन दोन वाजता पोहे खाणाऱ्या पोरापोरींचंही बंद झालं. बार तर त्या सवलतीत कधी नव्हतेच! म्हणजे बंदी आली ती ज्याने त्रास दिला त्याच्यावर नाही, जो समोर उघडा दिसला त्याच्यावर. तुमच्या ‘अकराला बंद’मध्ये मला हीच भीती वाटते. अकरा वाजता पाच ठिकाणांतून सगळे एकदम बाहेर पडतील, आणि गल्लीत उभ्या केलेल्या गाड्यांपाशी, म्हणजे तुमच्याच फाटकापुढे, अर्धा तास गप्पा मारतील. इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं पब अकराला बंद व्हायचे आणि रस्त्यावर नेमकी हीच तऱ्हा असायची. २००३ च्या कायद्याने, जो नोव्हेंबर २००५ पासून लागू झाला, त्यांनी एकच सरसकट वेळ काढून टाकली. त्याने तिथली नशा कमी झाली असं मी म्हणणार नाही. पण त्या कायद्यात एक गोष्ट आहे जी मला इथे हवी आहे, आणि तिच्याकडे मी येतेच.

त्याआधी आवाजाबद्दल, कारण तुमच्या प्रतिक्रियेतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: ‘पोलीस मीटर घेऊन आले, म्हणाले मर्यादेत आहे.’

काका, ते पोलीस खोटं बोलत नसतील. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रहिवासी भागात रात्री, म्हणजे दहा ते सहा, ४५ डेसिबलची मर्यादा सांगतात. व्यापारी भागात ती ५५ आहे. पहिला घोळ इथेच होतो, कारण तुमच्याकडे पुढचा मुख्य रस्ता व्यापारी आणि मागची गल्ली घरांची. मोजणारा माणूस बारच्या दारापुढे उभा राहिला तर ५५ धरतो. तुमच्या भिंतीपाशी उभा राहिला तर ४५ धरायला हवेत. तेव्हा पुढच्या वेळी मीटर कुठे धरला आणि भाग कोणता मानला, हे दोन्ही पंचनाम्यात लिहून घ्या.

दुसरा घोळ जास्त खोल आहे. हे आकडे ‘ए’ मापनातले आहेत. माणसाचा कान खर्जातले आवाज कमी ऐकतो असं गृहीत धरून मीटर ते आवाज वजा करून दाखवतो. ६३ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे जिथे डीजेचा ढुम-ढुम राहतो, ही वजावट सुमारे २६ डेसिबल असते. त्या सुराचा आवाज प्रत्यक्षात ७० असला तर मीटर ४४ दाखवेल. मर्यादा ४५. झालं, ‘मर्यादेत आहे’! त्यात गंमत अशी की गाण्यातले वरचे सूर भिंत अडवते आणि खर्ज भिंतीतून, स्लॅबमधून, खांबांतून आरपार येतो. म्हणजे तुमच्या बेडरूमपर्यंत गाणं पोचत नाही, फक्त त्याचा ठोका पोचतो, आणि नेमका तोच ठोका मीटरला कमी दिसतो. तुमच्या नातीला ऐकू येतं ते मीटरला येत नाही, याचं कारण एवढंच आहे. त्यामुळे नुसत्या डेसिबलवर लढलात तर हराल. मोजणाऱ्याला ‘सी’ मापनाचाही आकडा लिहून द्यायला सांगा, त्यात खर्ज फारसा वजा होत नाही. कायद्याची मर्यादा त्यात नाही, पण दोन आकड्यांत पंधरा-वीसचा फरक दिसला की त्रास खर्जाचा आहे हे कागदावर येतं.

म्हणून मी अटींच्या मागे लागले आहे. सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, थेट स्लॅबवर ठेवायचा नाही, खाली रबराचे जाड पॅड हवेत. आवाजावर लिमिटर, म्हणजे ठरलेल्या पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारं यंत्र, हवा, आणि त्याच्या पेटीला सील हवं, म्हणजे बारा वाजता कुणा पाहुण्याने नोट पुढे केली तरी डीजेला तो वर नेता येणार नाही. दार एक नको, मध्ये मोकळी जागा सोडून दोन हवीत, म्हणजे माणूस बाहेर पडताना आतलं गाणं त्याच्याबरोबर बाहेर पडत नाही. यातली एकही गोष्ट तपासायला रात्री मीटर घेऊन यावं लागत नाही. दुपारी चार वाजता जाऊन बघता येते, आहे की नाही.

आणि गच्ची! दारूचा परवाना आबकारी, म्हणजे उत्पादन शुल्क, खातं देतं. स्पीकरचं खातं वेगळं आहे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक फक्त बंदिस्त जागेत, सभागृहासारख्या ठिकाणी चालतो. गच्ची ही कुठल्याही अर्थाने बंदिस्त जागा नाही, वर चार बांबू आणि ताडपत्री टाकली तरी नाही. तेव्हा भिंतीवर टांगलेला आबकारीचा परवाना दाखवून कुणी मॅनेजर ‘आमच्याकडे परमिशन आहे’ म्हणाला तर त्याला शांतपणे विचारायचं, की ही दारूची झाली, स्पीकरची कुठे आहे? आपल्याकडे डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे, राज्याचा १९८५ चा कोलाहल नियंत्रण अधिनियम आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये नव्या मुख्यमंत्र्यांनी सूत्रं हाती घेतल्या घेतल्या पहिला आदेश काढला तो ध्वनिवर्धकांवरच. कायद्याची कमतरता नाही. चुकीच्या खिडकीवर तक्रार करण्याची सवय मात्र आपल्याला आहे. दारूची तक्रार पोलीस ठाण्यात आणि आवाजाची आबकारीत, असं केलं की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

हे थोडं विषयांतर, पण बोलून टाकते. मॅरेज गार्डनबद्दल आपण इतके गप्प का? बारमध्ये निदान भिंती असतात. मॅरेज गार्डन उघडं, त्यात डीजे, बाहेर वरातीचे भोंगे, आणि तिथे दारू नसली तरी आवाज तोच. पण लग्न आपल्या-तुपल्या घरचं असतं ना. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचं, म्हणजे चित्ररथांच्या मिरवणुकीचं, नाव काढलं तर मलाच घरात ओरडा बसेल, तरी सांगते: नियमांतच सोय आहे की सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री दहा ते बारा सूट देऊ शकतं. पंधरा दिवस. हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे, वापरा: गणपतीला पंधरा दिवसांच्या हिशेबात राहावं लागतं, तर बारला तीनशे पासष्ट रात्री कोणत्या हिशेबाने?

आता ‘सगळं कागदावर राहतं’. हा तुमचा मुद्दा मला सगळ्यात जड वाटतो. पण काका, अकराची वेळही कागदच आहे. जो निरीक्षक लिमिटर तपासायला येणार नाही, तो अकरा वाजता शटर बघायला तरी का येईल? शटर अर्धं खाली आणि आत महफिल, हे आपण बघितलेलं आहे. मग कागदाला दात कधी येतात? इंग्लंडच्या त्या कायद्यातली मला हवी असलेली गोष्ट हीच. तिथे शेजारी राहणारा साधा माणूस, परवाना चालू असतानाही, फेरविचाराचा अर्ज करू शकतो. तो अर्ज उगाच केलेला नसेल तर ऐकावाच लागतो, आणि त्यात वेळ कमी होऊ शकते, अटी वाढू शकतात, परवाना जाऊही शकतो. बारमालक पोलिसांना मॅनेज करू शकतो असं तुम्ही म्हणता. चाळीस घरांना मॅनेज करणं महाग पडतं.

आपल्याकडे तशी सरळ वाट नाही, पण आडवाट आहे. आबकारीचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. त्याआधीचे दोन-तीन महिने मालक नूतनीकरणाच्या चिंतेत असतो, आणि वर्षभरात तो तुमचं ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत असेल तर तो याच काळात. ऑगस्टमध्ये केलेली तक्रार तो विसरतो. फेब्रुवारीत रहवासी संघाच्या लेटरहेडवर, तारीखवार १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनच्या तक्रार क्रमांकांसकट गेलेलं पत्र त्याच्या फाईलला चिकटतं. त्यासाठी तक्रारी एकेकट्याने फोनवर नकोत, क्रमांक लिहून ठेवलेल्या हव्यात. माहिती अधिकारात दहा रुपये भरून त्या ठिकाणच्या परवान्याची आणि मंजूर नकाशाची प्रत मागवा. परवाना एफएल-२, म्हणजे रेस्टॉरंट-बारचा, आहे का, आणि गच्ची त्या नकाशात दाखवलेली आहे का, एवढं जरी कळलं तरी अर्धं भांडण तिथेच संपू शकतं.

पत्रात काय मागायचं? आवाजाचं वर सांगितलंच. त्याशिवाय रिकाम्या बाटल्या. ज्याच्या घरामागे बारचं मागचं दार आहे त्यालाच याचा अर्थ कळेल. गाणं बंद होतं, गाड्या जातात, मग दीड वाजता एक पोरगा प्लास्टिकच्या ड्रममध्ये शंभर बाटल्या ओततो. हे सकाळी आठनंतर करा, एवढी एक अट. ती फुकट आहे. गल्लीत पार्किंग नको, मुख्य रस्त्यावरच. शेवटची गाडी हलेपर्यंत बाहेर एक माणूस उभा हवा, आणि त्याचं काम बाउन्सरगिरी नाही, तर ‘साहेब, आवाज हळू, इथे लोक राहतात’ हे सांगणं. आणि मॅनेजरचा एक फोन नंबर, जो रात्री साडेबाराला उचलला जातो.

जिथे मी तुमच्यासारखीच कडक आहे तेही सांगते, म्हणजे वकिलीचा आरोप थोडा तरी हलका होईल. ज्या प्लॉटला बाहेर पडायला घरांच्या गल्लीतूनच वाट आहे, तिथे नवा परवाना मुळातच नको, कितीही अटी घातल्या तरी. आणि घरांना लागून असलेल्या गच्चीवर संगीत अजिबात नको, ‘हळू’सुद्धा नको. यासाठी कुठेही सही मागा, देईन. पण मुख्य रस्त्यावर, दोन दारांच्या आत, कुणाला ऐकू न जाता चार माणसं बारापर्यंत बसली, तर त्यात मला गैर दिसत नाही. दारू पिणंच तुम्हाला नको असेल तर ते तुमचं मत, त्याचा मान आहे. पण मग आवाजाच्या तक्रारीत ते मिसळू नका, कारण समोरचा लगेच म्हणतो, ‘यांना आवाजाचा त्रास नाही, यांना आम्हीच नको आहोत’, आणि बाटल्यांचा ड्रम तसाच वाजत राहतो.

रहवासी संघाची बैठक या महिन्यात आहे का ते कळवा. अर्ज हिंदीतून द्यावा लागेल. दोन करूया, एक आबकारी कार्यालयाला आणि दुसरा पोलीस उपायुक्तांना, दोन्हींत मजकूर वेगळा. मसुदे मी करून पाठवते. तारखा आणि तक्रार क्रमांक तुमच्याकडून लागतील, आणि मागच्या दारासमोर राहणाऱ्या घरांच्या सह्या आधी घ्या, मग बाकीच्यांच्या.