कम्प्लीट, फिनिश्ड आणि भरताची बडगी

दर दोन-चार महिन्यांनी आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरून येतो. ‘कम्प्लीट’ आणि ‘फिनिश्ड’ यांत काही जण म्हणे फरकच मानत नाहीत, आणि एकाही डिक्शनरीला तो सांगता आलेला नाही. मग लंडनच्या स्पर्धेत एकाने सांगितला: चांगली बायको मिळाली की तुम्ही कम्प्लीट, चुकीची मिळाली की फिनिश्ड. पाच मिनिटं टाळ्या! विनोद म्हणून चालेल (बायकांना विचारून बघा). पण परवा पुतण्याने तो वहीत उतरवून घेतला, तेव्हा राहवलं नाही.

स्पर्धेचं म्हणाल तर मेसेजात ना भरवणाऱ्याचं नाव, ना साल. सोडून द्या.

डिक्शनरीचा दावा मात्र साफ खोटा. पोरांच्या दप्तरातली साधी डिक्शनरी उघडा. कम्प्लीट म्हणजे सगळे भाग जागेवर, काही उणं नाही. फिनिश्ड म्हणजे शेवटाला पोचलेलं. मुळंही निराळी आहेत. कम्प्लीट आला लॅटिनमधल्या ‘भरणे’ या अर्थाच्या क्रियापदातून, आणि आपला ‘पूर्ण’ त्याच्याच भावकीतला. फिनिशच्या मुळाशी ‘फिनिस’, म्हणजे सीमा, शेवट. डब्यातलं पीठ ‘सरनं’ आणि घराचं काम ‘पुरं व्हयनं’, यात आमची आजी कधी गोंधळली नाही.

फरकच नाही म्हणणाऱ्यांचं थोडं खरं आहे. काम झालं, एवढंच सांगायचं तर दोन्ही चालतात. पण केळीच्या विम्याचा फॉर्म शेवटच्या रकान्यापर्यंत भरला आणि सातबारा जोडायचा राहिला, तर भरणं फिनिश्ड, अर्ज इनकम्प्लीट. जळगावच्या चटई कारखान्यात तयार माल ‘फिनिश्ड गुड्स’ असतो, ‘कम्प्लीट गुड्स’ कोणी म्हणत नाही. ‘फिनिश्ड ईटिंग’ बरोबर, ‘कम्प्लीटेड ईटिंग’ चूक.

आणि गंमत बघा, त्या विनोदाला हसू येतं ते फिनिश्डचा ‘वाटोळं झालेला’ हा अर्थ आधीच ठाऊक असतो म्हणून. तोही डिक्शनरीत छापलेला आहे. तिच्याच ताटात जेवून तिलाच नावं!

पुतण्याला मी भरतावरून सांगितलं. बामणोदची वांगी काड्यांवर भाजली, बडगीत, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात, ठेचली, मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात पडली, शेजारी कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या आल्या: जेवण कम्प्लीट. तासाभराने बडगी पुसून कोरडी: भरीत फिनिश्ड.

त्याने वहीतलं ते पान फाडलं नाही. खाली फक्त ‘भरीत’ लिहून ठेवलं.