‘व्हरायटी’ काढून ‘प्लेथोरा’ टाका म्हणजे आयईएलटीएसचा बँड वाढेल? नाही वाढत

एक यादी व्हॉट्सअ‍ॅपवर आणि रील्समध्ये सारखी फिरतेय, तुम्हीही पाहिली असेल. वर मोठ्या अक्षरात ‘अ व्हरायटी ऑफ’ (म्हणजे वेगवेगळ्या प्रकारचे) लिहिणं बंद करा, आणि खाली प्लेथोरा, मिरियड, गॅमट, मेडली, हॉजपॉज, मिशमॅश, मॉट्ली, स्मॉर्गसबोर्ड असे शब्द. दावे साधारण चार असतात. सगळ्यांचा अर्थ एकच आहे, कुठलाही उचला. अवघड शब्द टाकला की आयईएलटीएसचा, म्हणजे परदेशी शिकायला जाताना द्यायच्या इंग्रजीच्या परीक्षेचा, बँड (तिथले गुण) वाढतो. ‘अ मिरियड ऑफ’ हे चूक आहे. आणि ‘रेंज’, ‘व्हरायटी’ हे शाळकरी शब्द आहेत. मी इंग्रजी शिकवते, माझ्याकडची बरीच मुलं मराठी किंवा सेमी इंग्लिशमधून आलेली असतात, ती ही यादी वहीत उतरवून पाठ करून येतात आणि मग त्यातलेच शब्द त्यांच्या निबंधात आणि एसओपीमध्ये (प्रवेशासाठी स्वतःबद्दल लिहायचा मजकूर) नको तिथे दिसतात, म्हणून नीट लिहायला घेतलंय.

पहिला दावा, अर्थ एकच. अजिबात नाही. मिसळ म्हणजे पण चार गोष्टी एकत्र आणि भेसळ म्हणजे पण चार गोष्टी एकत्र, पण दुधात पाणी घातलं तर त्याला कोणी मिसळ म्हणत नाही ना? हॉजपॉज, मिशमॅश, जंबल, रॅगबॅग ह्या शब्दांत तक्रार आहे, की बाबा ह्या गोष्टींचा एकमेकींशी मेळ नाही, कशाही कोंबल्यात. आता एखाद्या मुलाने युनिव्हर्सिटीला पाठवायच्या एसओपीत ‘आय हॅव अ हॉजपॉज ऑफ स्किल्स’ लिहिलं तर वाचणाऱ्याला कळतं की ह्याला धड काहीच येत नाही, सगळा नुसता काला आहे. हॉजपॉजचा मूळ शब्द जुन्या फ्रेंचमधला, एका भांड्यात सगळं घालून हलवत शिजवलेल्या रश्शाचा. त्याचाच भाऊ ‘हॉचपॉट’ आपल्याकडे कोर्टात अजून जिवंत आहे. एकत्र कुटुंबाच्या वाटणीच्या दाव्यात स्वकष्टाची मिळकत कुटुंबाच्या सामाईक मिळकतीत टाकली की नाही ह्यावर वाद होतो तेव्हा निकालात ‘कॉमन हॉचपॉट’ असं येतं, आणि तिथे त्यात काही वाईट वास नाही, तिथे तो नेमका कायद्याचा शब्द आहे. म्हणजे एकाच घरातले दोन शब्द, पण कुठे वापरला त्यावर सगळं बदलतं. मॉट्लीचं पण तसंच, तो विदूषकाच्या रंगीबेरंगी कपड्यांचा शब्द, त्यामुळे ऑफिसच्या टीमला ‘मॉट्ली क्रू’ म्हटलंत तर ते कौतुक म्हणून कोणी घेणार नाही.

ह्या यादीतली सगळ्यात मोठी गडबड मला वेगळीच वाटते. तिने ‘खूप’ आणि ‘वेगवेगळे’ ह्यांना एकच करून टाकलंय. प्लेथोरा मूळचा ग्रीक, डॉक्टर लोक शरीरात रक्त जास्त झालं की हा शब्द वापरायचे, आणि आजही त्यात ‘जरा जास्तच’ अशी छटा राहिलीये. आता लोक नुसतं ‘भरपूर’ म्हणूनही वापरतात, ते ठीक आहे, पण प्लेथोरा संख्या सांगतो, प्रकार नाही. एकाच प्रकारच्या शंभर तक्रारी आल्या तरी तो प्लेथोराच. मिरियड म्हणजे मूळ ग्रीकमध्ये 10,000, परत संख्याच. स्पेक्ट्रम, गॅमट ह्यांना मात्र दोन टोकं लागतात, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. गॅमट तर संगीतातून आलाय, 11व्या शतकातल्या इटलीच्या ग्विडो ऑफ अरेझोच्या पद्धतीत सगळ्यात खालचा सूर ‘गॅमा-उत’, त्यावरून पुढे अख्ख्या स्वरपट्टीलाच गॅमट म्हणायला लागले. म्हणून रागापासून आनंदापर्यंत भावनांचा गॅमट होतो, पिशवीतल्या भाज्यांचा होत नाही. मेडलीत तुकडे वेगळे ओळखू येतात, पोहण्याच्या मेडलीत बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, फ्रीस्टाइल हे चार प्रकार एकाच शर्यतीत पण एकामागोमाग. ब्लेंडमध्ये ते विरघळून गेलेले असतात. आणि स्मॉर्गसबोर्ड म्हणजे स्वीडिश पद्धतीचं भरलेलं टेबल, 1939च्या न्यूयॉर्क वर्ल्ड्स फेअरमधल्या स्वीडिश रेस्टॉरंटमुळे अमेरिकेत गाजलेलं. तिथे तुम्ही हवं ते उचलता. त्यामुळे ‘अ स्मॉर्गसबोर्ड ऑफ डिसीजेस’ वाचलं की अंगावर काटा येतो, आजार कोण निवडून ताटात घेतं?

ह्यावर मुलं म्हणतात, मॅडम पण थिसॉरसमध्ये (जवळच्या अर्थाच्या शब्दांच्या कोशात) एकत्रच दिलेत ना. दिलेत, कारण रॉजेट नावाच्या डॉक्टरने 1852 मध्ये ते पुस्तक काढलं तेव्हा शब्द कल्पनेप्रमाणे गटात लावले, आणि अर्थ दिलेच नाहीत. ज्याला शब्द माहीत आहेत पण ऐनवेळी आठवत नाहीये त्याच्यासाठी ते आहे. शेजारी बसवले म्हणून एक होत नाहीत.

दुसरा दावा, बँड वाढतो. रायटिंगमध्ये चार निकष सारख्या वजनाचे असतात आणि लेक्सिकल रिसोर्स म्हणजे शब्दसंपत्ती हा त्यातला एक. त्याचं वर्णन उघड उपलब्ध आहे, वाचा. धोका पत्करून जास्त वेगवेगळे शब्द वापरलेत पण चुकाही जास्त आहेत, हे बँड 6च्या वर्णनात येतं. 7ला शैलीचं भान आणि कुठला शब्द कुठल्या शब्दासोबत बसतो ह्याचं भान लागतं. आता हे वाक्य बघा, अशी वाक्यं मी नेहमी तपासते: ‘देअर इज अ वाइड प्लेथोरा ऑफ एअर पोल्युशन इन मेट्रो सिटीज’. वाइड हा रेंजसोबत जातो, व्हरायटीसोबत जातो, प्लेथोरासोबत नाही. पोल्युशन मोजता येत नाही, त्याचा प्लेथोरा कसा होणार? आणि पोराला म्हणायचं होतं की हवेत वेगवेगळे घातक घटक आहेत, जे प्लेथोरा सांगतच नाही. ‘अ वाइड रेंज ऑफ पोल्युटंट्स’ लिहिलं असतं तर काम झालं असतं. मेहनत करून, पाठ करून मुलं आपलेच मार्क घालवतात ह्याचं मला फार वाईट वाटतं.

मिरियडचं थोडक्यात. ‘अ मिरियड ऑफ’ बरोबर आहे आणि नुसतं ‘मिरियड प्रॉब्लेम्स’ पण बरोबर आहे. इंग्रजीत नाम म्हणून वापर आधीचा, विशेषण नंतरचं. मेरियम-वेब्स्टर डिक्शनरी हेच सांगते. दुरुस्ती करत बसू नका.

राहिला शाळकरीपणा. आयईएलटीएसच्या स्वतःच्या निकषाचं नाव ‘ग्रॅमॅटिकल रेंज अँड अ‍ॅक्युरसी’ आहे आणि शब्दसंपत्तीच्या वरच्या बँडच्या वर्णनात सरळ ‘वाइड रेंज’ लिहिलंय. ज्यांनी मार्क द्यायचे तेच हा शब्द वापरतात. साध्या शब्दात खरी गोची व्याकरणाची आहे आणि तिकडे यादीवाल्यांचं लक्षच नाही. ‘अ व्हरायटी ऑफ रीझन्स’ नंतर बहुतेक वेळा ‘आर’ येतं, कारण तुम्ही कारणांबद्दल बोलताय, आणि ‘द व्हरायटी ऑफ क्रॉप्स’ नंतर ‘इज’, कारण तिथे विषय विविधतेचा आहे. ‘ऑफ’च्या पुढचं नाम मोजता येणारं असेल तर अनेकवचनात हवं, ‘अ रेंज ऑफ प्रॉडक्ट’ नाही, ‘प्रॉडक्ट्स’. एवढं आधी पक्कं करा, प्लेथोरा आपण नंतर बघू.