‘जर्मनीत फक्त पॉइंट टेबल चालतं’ म्हणे! तिसऱ्या लीगचे नियम एकदा बघा

भारतीय फुटबॉलमध्ये प्रमोशन-रेलिगेशनचा (वरच्या लीगमध्ये बढती, खालच्या लीगमध्ये घसरण) वाद निघाला की एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा मथितार्थ असा: ‘जर्मनीकडून शिका. चॅम्पियन वर, तळाचे खाली. परवाने, बँकेचे कागद यांची भानगड नाही. तिसऱ्या लीगमध्ये तर हौशी पोरं खेळतात.’ जर्मन व्यवस्थेकडून शिकण्यासारखं खूप आहे, पण ती या मेसेजमध्ये सांगितली आहे तशी मुळीच नाही.

हौशीचा मुद्दा आधी निकालात काढू. 2008 साली सुरू झालेली ही 20 संघांची तिसरी लीग देशभर खेळली जाते आणि ती व्यावसायिक आहे. वरच्या दोन लीगा डीएफएल ही व्यावसायिक क्लबांची संस्था चालवते, ही मात्र डीएफबीकडे, म्हणजे फुटबॉल महासंघाकडे आहे; गैरसमज बहुधा तिथूनच होतो. 1998 चा बुंडेसलीगा (पहिली लीग) विजेता कायझर्सलाउटर्न 2018 ते 2022 अशी चार वर्षं इथेच होता. आर्मिनिया बीलेफेल्डने 2025 मध्ये ही लीग जिंकली आणि त्याच मोसमात लेव्हरकुसेनला हरवून जर्मन कपची फायनलही गाठली.

‘चॅम्पियन वर जातो.’ नेहमी नाही. पहिले दोन संघ थेट वर जातात, तिसऱ्याला दुसऱ्या लीगमधल्या सोळाव्या संघाशी दोन सामन्यांचा प्लेऑफ खेळावा लागतो. पण या लीगमध्ये मोठ्या क्लबांचे दुसरे (राखीव) संघही खेळतात आणि त्यांना वरचं दार बंद आहे. 2019-20 मध्ये बायर्न म्युनिकचा दुसरा संघ चॅम्पियन झाला आणि जागेवरच राहिला. दुसरा वुर्त्सबर्ग आणि तिसरा ब्राउनश्वाइग थेट वर गेले, प्लेऑफ चौथ्या इंगोलश्टाटच्या वाट्याला आला. पुढच्याच मोसमात बायर्नचा तो संघ घसरून चौथ्या स्तरावर गेला. तिथे मात्र काही सूट नाही.

‘कागदांची भानगड नाही’ हा दावा सर्वांत चुकीचा. दर मोसमाआधी प्रत्येक क्लबला पुढच्या वर्षाचा जमाखर्च डीएफबीपुढे मांडावा लागतो. तूट दिसली तर ठरलेल्या तारखेपर्यंत पैशाची सोय दाखवावी लागते. ती तारीख हुकली की टेबलमधली जागा निरुपयोगी. 2017 मध्ये 1860 म्युनिक दुसऱ्या लीगमधून खाली आला, पण तिसऱ्या लीगच्या परवान्यासाठी लागणारे पैसे गुंतवणूकदाराकडून आले नाहीत. क्लब थेट चौथ्या स्तरावर गेला. त्याची रिकामी जागा कुणाला मिळाली? अठराव्या क्रमांकावर येऊन रेलिगेट झालेल्या पाडरबोर्नला. तो क्लब 2018 मध्ये दुसऱ्या आणि 2019 मध्ये थेट पहिल्या लीगमध्ये पोचला! मैदानावर त्याची घसरण झाली होती, त्याला वाचवलं ते दुसऱ्याच्या अपुऱ्या कागदांनी.

मोसम सुरू असताना दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली तर नियमानुसार 9 पॉइंट कापले जातात. मार्च 2022 मध्ये ट्युर्कग्युज्यु म्युनिकने पैशाअभावी मोसम अर्धवट सोडला, तेव्हा त्याचे सगळे निकाल रद्द झाले. ज्यांनी त्याला हरवलं होतं, त्यांचे ते पॉइंटही गेले. टेबल अंतिम असतं, असं मानणाऱ्यांनी त्या वसंतातला टेबल काढून पाहावा.

आता ‘तळाचे खाली’. शेवटचे चार खाली जातात, हे खरं. पण खाली चौथ्या स्तरावरच्या प्रादेशिक लीगा, म्हणजे रीजनललीगा, पाच आहेत: उत्तर, ईशान्य, पश्चिम, नैर्ऋत्य आणि बायर्न (बव्हेरिया प्रांत). चॅम्पियन पाच, जागा चार. पश्चिम आणि नैर्ऋत्यचे विजेते दरवर्षी थेट वर येतात. उरलेल्या तिघांपैकी एकाला आळीपाळीने थेट जागा मिळते, बाकीचे दोघे आपसांत प्लेऑफ खेळतात. म्हणजे अख्खा मोसम पहिला राहूनही संघ अडकू शकतो. 2023 मध्ये एनर्जी कॉटबुस उंटरहाखिंगकडून हरला, 2025 मध्ये लोकोमोटिव्ह लाइपझिश हावेल्सेकडून. दोघेही ईशान्येचे चॅम्पियन होते.

हा अन्याय आहे, असं आम्हाला स्पष्ट वाटतं, आणि पूर्वेकडचे क्लब बदलासाठी जोर लावत आहेत ते योग्यच आहे. ढोबळमानाने उपाय दोन: पाचही विजेत्यांना वर घ्यायचं, म्हणजे 20 पैकी 5 संघ खाली जाणार, आणि त्याला तिसऱ्या लीगमधले क्लब सहजी तयार होणार नाहीत, नाहीतर पाचाच्या चार रीजनललीगा करायच्या, म्हणजे प्रदेशांच्या सीमा नव्याने आखाव्या लागतील आणि कुठल्या तरी प्रादेशिक संघटनेला स्वतःची लीग सोडावी लागेल.