लाल यीस्ट तांदूळ स्टॅटिनला पर्याय कसा ठरेल, त्यात स्टॅटिनच आहे!

अंबाझरीला पहाटे फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश सध्या नागपूरभर फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: लाल यीस्ट तांदळाच्या (म्हणजे बुरशी वाढवून लाल केलेल्या तांदळाच्या) कॅप्सूल घ्या, कोलेस्टेरॉल उतरेल, चीनमध्ये हजारो रुग्णांवर हे सिद्ध झाले आहे, हे औषध नव्हे, अन्न आहे, स्टॅटिनचे, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी डॉक्टर देतात त्या औषधांचे, दुष्परिणाम यात नाहीत, तेव्हा स्टॅटिनच्या गोळ्या बंद करा. मी औषधांचे दुकान चालवतो. हाच संदेश मोबाइलवर दाखवून ‘भाऊ, ॲटोरव्हास्टॅटिन आता राहू द्या, हे असेल तर द्या,’ असे म्हणणारे तीन जण याच महिन्यात येऊन गेले आणि त्यांतल्या एकांच्या हृदयात स्टेंट बसवलेला आहे. म्हणून या संदेशातील एकेक विधान तपासणे मला गरजेचे वाटते.

पहिले विधान, कोलेस्टेरॉल उतरण्याचे, खरे आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ८३ जणांपैकी काहींना रोज २.४ ग्रॅम लाल यीस्ट तांदूळ आणि बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय कॅप्सूल दिल्या गेल्या. बारा आठवड्यांत तांदूळ घेणाऱ्यांचे एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, सुमारे २२ टक्क्यांनी उतरले.

‘हजारो रुग्णांवर सिद्ध’ हेही पोकळ नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ४,८७० चिनी रुग्णांवर सरासरी साडेचार वर्षे चाललेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात पुन्हा झटका येण्याचे किंवा हृदयविकाराने मृत्यू होण्याचे प्रमाण निष्क्रिय कॅप्सूल घेणाऱ्यांत १०.४ टक्के, तर औषध घेणाऱ्यांत ५.७ टक्के होते. परंतु त्या रुग्णांना दिलेले ‘झुएझिकांग’ हे घटकांचे प्रमाण निश्चित करून बनवलेले अर्क-औषध होते. ऑनलाइन मागवलेल्या कोणत्याही डबीला तो निष्कर्ष लागू होत नाही. शिवाय ती तुलना निष्क्रिय कॅप्सूलशी होती, आज सर्रास दिल्या जाणाऱ्या ॲटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिनशी नव्हती; त्यामुळे ‘स्टॅटिनपेक्षा चांगले’ हा अर्थ त्यातून काढताच येत नाही.

आता मुख्य मुद्दा. हा तांदूळ काम करतो, तो कशामुळे? तांदळावर मोनॅस्कस नावाची बुरशी वाढवली की ती लाल रंगाबरोबर ‘मोनॅकोलिन के’ हे द्रव्य तयार करते. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७९ मध्ये ते मोनॅस्कसपासून वेगळे काढले. त्याच सुमारास एका अमेरिकन कंपनीला दुसऱ्या एका बुरशीत जे द्रव्य सापडले, तेही रेणू म्हणून अगदी तेच निघाले. त्याचे औषधी नाव लोव्हास्टॅटिन, आणि अमेरिकेत विक्रीस परवानगी मिळालेले ते पहिले स्टॅटिन, १९८७ सालचे. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणारे विकर (एन्झाइम) ते रोखते, मग ते कॅप्सूलमधून येवो की गोळीतून. तेव्हा ‘हे औषध नव्हे’ हे विधान लेबलापुरते खरे असेल. शरीराला लेबल वाचता येत नाही. (आपल्याकडच्या, कोंड्यामुळे लाल दिसणाऱ्या गावठी तांदळाशी याचा काही संबंध नाही. त्याचा भात खुशाल खावा, पण त्याने हे काम होणार नाही.)

‘दुष्परिणाम नाहीत’ हे विधान इथेच गळून पडते. स्टॅटिनचा परिणाम हवा असेल, तर त्याच्यासोबत येणारी जोखीमही आलीच. इटलीत २००२ ते २०१५ या काळात या पूरकांविषयी (सप्लिमेंटविषयी) आलेल्या तक्रारींत स्नायूदुखी होती, यकृताची इजा होती, आणि स्नायूंचे तंतू तुटण्याचा गंभीर प्रकारही होता. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक किंवा इट्राकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध चालू असताना लोव्हास्टॅटिनचे रक्तातील प्रमाण वाढते आणि हा धोका बळावतो. इट्राकोनॅझोल तर नायट्याच्या उपचारात आज सर्रास दिले जाते. गरोदरपणातही हे तांदूळ टाळायचे असतात.

गोळीच्या तुलनेत एक गोष्ट तर अधिकच बिकट आहे: मात्रा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत अमेरिकन बाजारातली बारा उत्पादने पाहिली, तेव्हा एका कॅप्सूलमध्ये मोनॅकोलिन के ०.१० पासून १०.०९ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. म्हणजे एका डबीत जवळजवळ काहीच नाही आणि दुसरीत गोळीइतके औषध. बारांपैकी चार उत्पादनांत सिट्रिनिनही होते, हे मूत्रपिंडाला घातक असे बुरशीजन्य विष आहे. युरोपीय संघाने २०२२ मध्ये पूरकांतील मोनॅकोलिनची दैनंदिन मात्रा ३ मिलिग्रॅमच्या आत आणली, ती सुरक्षिततेच्या शंकेमुळेच. २०२४ मध्ये जपानमध्ये कोबायाशी कंपनीच्या अशाच कॅप्सूल घेणाऱ्या कित्येकांना मूत्रपिंडाच्या विकाराने रुग्णालयात दाखल व्हावे लागले. तिथे दोष मोनॅकोलिनचा नव्हता, उत्पादनात शिरलेल्या दुसऱ्याच एका बुरशीच्या विषाकडे बोट दाखवले गेले. बुरशी वाढवून बनवलेल्या पदार्थात शुद्धतेची हमी ही शोभेची गोष्ट नसते.

उरला शेवटचा सल्ला, गोळ्या बंद करण्याचा. संदेशातील सर्वांत घातक वाक्य हेच आहे. स्टेंट बसवलेल्या माणसाने मोजून दिलेले स्टॅटिन थांबवून न मोजलेले स्टॅटिन सुरू करणे मला कोणत्याही अर्थाने समजत नाही. दोन्ही एकत्र घेणेही तितकेच चुकीचे, कारण मग एकाच कामाची दोन औषधे पोटात जातात. गोळीने खरोखर पाय दुखत असतील तर मात्रा कमी करणे, दुसरे स्टॅटिन देणे किंवा इझेटिमाइब हे स्टॅटिन नसलेले कोलेस्टेरॉलचे औषध वापरणे हे मार्ग डॉक्टरांकडे असतात. आणि कॅप्सूल आधीच सुरू केली असेल तर पुढच्या वेळी धंतोलीतल्या दवाखान्यात दाखवायला जाताना ती डबी सोबत घेऊन जावी आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावी.