लोहार लढाईला गेले नाहीत म्हणून स्मिथ वाढले?

"जुन्या इंग्लंडात लढाई लागली की सगळे पुरुष जायचे, लोहार तेवढे हत्यारं घडवायला घरी राहायचे. बाकीचे मेले, लोहारांचा वंश वाढला, म्हणून आज जिकडे-तिकडे स्मिथ." हा संदेश पुन्हा फिरायला लागलाय. शेपटीला आणखी तीन दावे आहेत: 'स्मिथ' (इंग्रजीत लोहार) हा शब्द 'स्माइट' म्हणजे 'प्रहार करणे' यावरून आला, सगळे स्मिथ मुळात एकाच कुळातले, आणि आडनावात 'आय'ऐवजी 'वाय' घालून 'स्माइथ' लिहिणारे तेवढे खानदानी.

आधी लढाई. मध्ययुगात गावंच्या गावं रिकामी करून सैन्यभरती होत नसे. आणि जी फौज निघायची तिच्या घोड्यांना नाल कोण ठोकणार? लोहार बरोबर असायचेच. माणसं खरी मेली ती १३४८ च्या प्लेगात, आणि प्लेग भाता-ऐरण बघून घरात शिरत नाही. शिवाय घरी राहणारेच वाढले म्हणायचं, तर बाण बनवणारे फ्लेचर आणि धनुष्य बनवणारे बोयर हेही तसेच भरमसाट असायला हवे होते. स्मिथच्या जवळपासही ते नाहीत.

खरं कारण आपल्याला समजायला सोपं आहे, कारण बलुतेदारी आपण ऐकलेली आहे. फाळ पाजवायला, कोयती-विळे करायला जवळपास प्रत्येक गावाला लोहार लागायचा, आणि गावात तो बहुधा एखादाच. गावात दहा जॉन असले तर 'शेतकरी जॉन' म्हणून काय कळणार, शेती सगळेच करतात. 'लोहार जॉन' म्हटलं की पत्ता लागला. लॅटिनमध्ये दप्तर ठेवणारे कारकून त्यालाच 'फाबेर' लिहीत. १०६६ च्या नॉर्मन स्वारीनंतरच्या तीनेकशे वर्षांत अशी ओळखनावं हळूहळू वंशपरंपरेची झाली. मग पोरगा शिंपी झाला तरी स्मिथच. आजच्या किती पाटलांकडे पाटीलकी आहे?

म्हणजे हे आडनाव शेकडो गावांत वेगवेगळं जन्मलं. एक कुळ कुठून आणणार? जर्मनीत श्मिट, पोलंडात कोवाल्स्की, हंगेरीत कोवाच, इटलीत फेरारी, अरबांत हद्दाद: सगळी लोहारकीची आडनावं. या सगळ्यांनीच लढाया चुकवल्या म्हणायच्या का?

अमेरिकेत तर रक्ताचा हिशोब पुरता कोसळतो. २०१० च्या जनगणनेत तिथे २४,४२,९७७ स्मिथ होते, त्यांतले सुमारे २३ टक्के कृष्णवर्णीय. गुलामगिरीच्या काळात आणि त्यातून सुटल्यावर अनेकांकडे हे आडनाव आलं. कित्येक जर्मन श्मिटही तिथे स्मिथ झाले. (बंदरावरच्या कारकुनांनी नावं बदलली, ही आणखी एक लाडकी दंतकथा. न्यूयॉर्क बंदरात स्थलांतरितांची नोंद व्हायची त्या एलिस आयलंडवरचे कारकून जहाज कंपनीने निघतानाच केलेल्या यादीवरून काम करायचे.)

'स्माइट'चं म्हणाल तर कानाला पटतं, पण जुन्या इंग्रजीत त्या क्रियापदाचा अर्थ 'माखणे, बरबटवणे' असा होता. प्रहाराचा अर्थ नंतर चिकटला. 'स्मिथ' तेव्हाही कारागीरच होता. आइसलँडच्या भाषेत तर आजही सुताराला 'लाकडाचा स्मिथ' म्हणतात.

स्माइथवर फार शाई खर्चायला नको. तेव्हा आय आणि वाय ही अक्षरं लेखणीला येतील तशी पडायची. पुढे कुणाला वाय भारदस्त वाटला, एवढंच.

लढाई चुकवणाऱ्या स्मिथांचा विषय निघालाच आहे, तर एकाची सही आपल्याकडेही आहे. एप्रिल १८१९ मध्ये शिकारीला निघालेला एक गोरा अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात पोचला आणि तिथल्या चित्रावर त्याने खुशाल स्वतःचं नाव आणि तारीख कोरून ठेवली. नाव जॉन स्मिथ. नोकरी मद्रासच्या फौजेत, घोडदळात.